स्वतंत्र कॉमिक्स का वाढली? आधी न विकलेल्या अंकांचं काय झालं ते विचारा



माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमधलं एक वाक्य आज तुम्हाला दाखवते. ‘मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीला कंटाळलेल्या बंडखोर कलावंतांमुळे अमेरिकेत स्वतंत्र कॉमिक्सची वाढ झाली.’ वाचायला छान आहे ना? मलाही छानच वाटलं होतं. सल्लागार समितीसमोर मोठ्या आवाजात वाचलं, आणि समोरच्या एका सरांनी चष्मा काढून एवढंच विचारलं, “1955 साली कंटाळलेले कलावंत नव्हते का?”

उत्तर नव्हतं. सहा महिने मी रॉबर्ट क्रम्ब, डेव्ह सिम, हर्नांडेझ बंधू अशा मंडळींच्या मुलाखती वाचत होते, नोट्स काढत होते, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तुमच्यापैकी जे पेट किंवा नेटच्या तयारीत आहेत आणि ‘अमुक गोष्टीची वाढ’ असा विषय मनात धरून आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ‘वाढ’ हा शब्द सिनॉप्सिसमध्ये फार सोज्वळ दिसतो. तो तसा नाही.

तर 1955. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे कॉमिक्समुळे मुलं बिघडतात का यावर सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसेल तर वितरक गठ्ठा उघडायलाही तयार नसायचे. अनेक कंपन्या बंद पडल्या, चित्रकार बेकार झाले. म्हणजे कंटाळा, राग, बेकारी, सगळं होतं. सरांचा मुद्दा बरोबर होता. बंडखोरी हे कारण असेल, तर वाढ तेव्हाच व्हायला हवी होती.

मग तेव्हा काय नव्हतं? हे समजायला त्या काळात अंक विकला कसा जायचा ते बघावं लागतं. कॉमिक्स पेपरवाल्याच्या स्टॉलवर, औषधाच्या दुकानात, किराणा दुकानाच्या फिरत्या जाळीत विकली जायची. प्रकाशक राष्ट्रीय वितरकाला माल द्यायचा, तो गावोगावच्या घाऊक विक्रेत्यांना, ते स्टॉलवाल्याला. आणि न विकलेला माल परत. आपल्याकडे पेपरवाला रिटर्न देतो तसंच. गंमत म्हणजे पूर्ण अंकही परत करावा लागत नसे. मुखपृष्ठ किंवा त्याचा वरचा पट्टा फाडून पाठवला की पैसे वळते व्हायचे. पुढे तर ‘आम्ही एवढे अंक नष्ट केले’ असं लिहून दिलं तरी चालायला लागलं. (त्यातले काही अंक नष्ट न होता मागच्या दारानं विकले जातात, ही तक्रार तेव्हापासूनची आहे.)

या पद्धतीत नुकसान कोणाचं? संपूर्ण प्रकाशकाचं. एक काल्पनिक हिशेब करू. आकडे माझे आहेत आणि सोपे जावेत म्हणून रुपयांत घेतलेत. अंकाची किंमत 40 रुपये, त्यातले प्रकाशकाच्या हातात येतात 16. गावोगावच्या स्टॉलवर अंक दिसायला हवा म्हणून 10,000 प्रती छापाव्या लागतात, प्रतीला 10 रुपये खर्च, म्हणजे एक लाख. विकल्या गेल्या 4,000. हातात आले 64,000. तोटा 36,000, आणि तो कळणार काही महिन्यांनी, परतीचा हिशेब लागल्यावर, तोवर पुढचे दोन अंक छापून झालेले. मोठी कंपनी हे पचवते, कारण तिचे चाळीस अंक चालू असतात, एकाचा तोटा दुसऱ्यात जिरतो. एका खोलीत बसून काढणाऱ्या दोघांचं काय?

वितरणाचा पट्टा केवढा जाड होता याचं एक उदाहरण मला फार आवडतं, कारण ते दुबळ्या माणसाचं नाही. 1957 मध्ये आजच्या मार्व्हलचं वितरण करणारी कंपनी बंद पडली. दुसरा वितरक मिळाला तो प्रतिस्पर्धी डीसीच्या मालकांचाच! त्यानं अट घातली की महिन्याला साधारण आठच शीर्षकं घेऊ. पुढची कित्येक वर्षं मार्व्हलला त्या कुंपणात राहावं लागलं. म्हणजे मार्व्हलसारख्यांनासुद्धा किती छापायचं हे दुसरा ठरवत होता.

1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रम्बचा ‘झॅप कॉमिक्स’ आला. पहिला अंक बाळाच्या ढकलगाडीत ठेवून रस्त्यावर विकला, ही गोष्ट तुम्ही कुठल्याही इतिहासात वाचाल, आणि ती इतकी गोड आहे की आपण तिथेच थांबतो. थांबू नका. महत्त्वाचं हे की ही ‘अंडरग्राउंड’ कॉमिक्स पेपरवाल्यांकडे गेलीच नाहीत. ती गेली हिप्पी मंडळींच्या दुकानांत, जिथे पोस्टर, उदबत्त्या, चिलमी विकायला असत. तो दुकानदार माल रोख विकत घ्यायचा, परत करायचा नाही. कोडचा शिक्का विचारणारं कोणी नव्हतं. पाच-सहा वर्षं हे छान चाललं. 1973 मध्ये अमेरिकन सर्वोच्च न्यायालयानं ‘मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया’ खटल्यात अश्लीलता ठरवताना स्थानिक समाजाचे निकष लावायला मुभा दिली आणि दुकानदार धास्तावले. त्यात चिलमी विकणाऱ्या दुकानांवरही कायद्याचा बडगा येऊ लागला. बंडखोर कलावंत तिथेच होते, शेल्फ गेलं.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये फिल स्यूलिंग नावाचे गृहस्थ वेगळाच उद्योग करत होते. पेशानं शाळेत इंग्रजीचे शिक्षक, हौसेनं कॉमिक्स संमेलनं भरवणारे. 1973 च्या सुमारास त्यांनी मोठ्या प्रकाशकांपुढे प्रस्ताव ठेवला : मला अंक थेट द्या, सवलत जास्त द्या, मी आगाऊ ऑर्डर देईन आणि एकही अंक परत करणार नाही. यालाच पुढे ‘डायरेक्ट मार्केट’ म्हणू लागले. फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं तेव्हा उगवत होती. त्यांचा मालक स्वतः वाचक असायचा, आपल्या गिऱ्हाइकांना काय लागतं ते त्याला माहीत असायचं, आणि न विकलेला अंक उद्या जुना अंक म्हणून जास्त भावानं जाईल अशी आशाही असायची. म्हणून तो परतीचा हक्क सोडायला तयार झाला.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ आपण सगळ्यांनी भरली आहे. प्रकाशक आधी पैसे किंवा नोंदणी घेतो, किती प्रती खपणार याचा अंदाज येतो, मग छापखान्यात जातो. डायरेक्ट मार्केट म्हणजे दुकानदारांनी महिन्याच्या महिन्याला भरलेली प्रकाशनपूर्व नोंदणीच. (फरक एवढाच की आपल्याकडे धोका थोडाफार वाचक उचलतो, तिथे दुकानदार उचलत होता. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

आता मघाचाच हिशेब पुन्हा. आगाऊ ऑर्डर आली 3,000 ची. मी छापले 3,200. प्रती कमी म्हणून खर्च वाढून प्रतीला 12 रुपये, एकूण 38,400. हातात येणार 3,000 गुणिले 16, म्हणजे 48,000. शिल्लक 9,600 रुपये. आधी 4,000 अंक विकून 36,000 चा तोटा होता, आता 3,000 विकून नफा आहे! पहिल्यांदा हे कागदावर मांडलं तेव्हा मी दोनदा तपासलं. स्वतंत्र कॉमिक्सना वाचक जास्त मिळाले म्हणून ती जगली असं नाही, कमी वाचकांत जगता येईल अशी व्यवस्था तयार झाली. स्यूलिंगनं ती छोट्या प्रकाशकांसाठी केली नव्हती, त्यांना मार्व्हल-डीसीचेच अंक हवे होते. पण दार उघडलं की कोण कोण आत येतं ते दार उघडणाऱ्याच्या हातात नसतं.

मग रांगच लागली. कॅनडातल्या किचनर गावात डेव्ह सिमनं डिसेंबर 1977 मध्ये ‘सेरेबस’ स्वतः छापायला घेतलं आणि 2004 मध्ये 300 वा अंक काढूनच थांबला. 1978 मध्ये वेंडी आणि रिचर्ड पिनी या जोडप्याचं ‘एल्फक्वेस्ट’ आलं. हर्नांडेझ बंधूंनी ‘लव्ह अँड रॉकेट्स’चा पहिला अंक स्वतः काढला होता, 1982 पासून तो फँटाग्राफिक्सनं घेतला. आणि मे 1984 मध्ये केव्हिन ईस्टमन, पीटर लेअर्ड या दोघांनी ‘टीनेज म्यूटंट निन्जा टर्टल्स’च्या सुमारे 3,000 प्रती छापल्या, काही पैसे ईस्टमनच्या काकांकडून उसने घेऊन.

इथे सावध व्हायचं. कासवांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे कारण ती जिंकली. 1986 पर्यंत जो तो कृष्णधवल अंक काढत होता, दुकानदार ‘पुढची कासवं’ शोधत डोळे मिटून ऑर्डर देत होते. एका अंकाचं नावच ‘अ‍ॅडोलसंट रेडिओअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक बेल्ट हॅमस्टर्स’ होतं, मी गंमत करत नाहीये. 1987 मध्ये फुगा फुटला. न विकलेले अंक आता कोणाकडे? प्रकाशक ते परत घेणार नव्हता. दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांत. कितीतरी दुकानं आणि छोटे प्रकाशक त्यात गेले. तोटा नाहीसा झाला नव्हता, त्याचा पत्ता बदलला होता.

आणि इथे माझ्या आकडेवारीची पंचाईत झाली. ती जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या विषयातही ती कुठेतरी दबा धरून बसलेली असेल.

मी ठरवलं होतं, वाढ मोजायची तर खपाचे आकडे जमवू. अमेरिकेत स्वस्त टपालदराचा परवाना घेणाऱ्या नियतकालिकांना वर्षातून एकदा अंकात निवेदन छापावं लागतं : मालक कोण, सरासरी किती प्रती छापल्या, किती विकल्या, किती परत आल्या. आपल्या मासिकांत मार्चच्या सुमारास ‘फॉर्म नं. 4’ असतो ना, त्याचाच भाऊ, फक्त आपल्यात खपाचे आकडे नसतात. जुन्या सुपरहिरो अंकांत हे निवेदन सापडतं, हौशी लोकांनी त्यांची संकलनंही केली आहेत. पण छोटे प्रकाशक बहुधा त्या टपाल परवान्याच्या वाटेला गेलेच नाहीत, त्यांचा माल वितरकाच्या खोक्यातून जायचा. म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्यांचेच आकडे नाहीत, आणि ज्यांचे आकडे आहेत ते माझा विषय नाहीत.

बरं, डायरेक्ट मार्केटचे जे आकडे मिळतात त्यात ‘विक्री’ म्हणजे काय? दुकानदारानं मागवलेल्या प्रती. वाचकानं विकत घेतलेल्या नव्हे. स्टॉलच्या काळात परतीमुळे निदान शेवटी खरा खप कळायचा. परतीचा हक्क गेला आणि त्याबरोबर ती माहितीही गेली. 1986 चा आलेख पाहिलात तर स्वतंत्र कॉमिक्सचा सुवर्णकाळ दिसतो. त्यातला किती भाग वाचकांच्या घरी गेला आणि किती दुकानाच्या मागच्या खोलीत, हे आलेख सांगत नाही. माझा तो आलेख, रंगीत, दोन रविवार घालून केलेला, प्रबंधातून गेला. तळटीप होऊन उरला आहे.

बातम्यांकडे वळले तर तिथेही एक मेख. त्या काळातल्या छोट्या प्रकाशकांविषयी सगळ्यात खोलवर लिहिणारं मासिक म्हणजे ‘द कॉमिक्स जर्नल’. प्रकाशक? फँटाग्राफिक्स, म्हणजे या खेळातले एक खेळाडूच. म्हणून ते टाकून द्यायचं का? मुळीच नाही, त्याशिवाय पान हलत नाही. पण त्यातलं ‘चांगलं कॉमिक’ आणि ‘कचरा’ ही वर्गवारी मी जशीच्या तशी उचलली होती, हे गाईड मॅडमनी पेन्सिलनं दाखवून दिलं. हॅमस्टरवाल्यांना मी प्रबंधात जागाच दिली नव्हती. वाढ मोजायची आणि वाढलेल्यांपैकी निम्मे मोजायचेच नाहीत, हे कसं चालेल?

‘स्वतंत्र’ कोणाला म्हणायचं हा वाद तर निराळाच. 1992 मध्ये मार्व्हलच्या सात नावाजलेल्या चित्रकारांनी बाहेर पडून इमेज कॉमिक्स काढलं. हक्क चित्रकाराचे, म्हणून स्वतंत्र. पण त्यांच्या ‘स्पॉन’च्या पहिल्या अंकाच्या सुमारे 17 लाख प्रती गेल्या. हे आणि किचनरमधला डेव्ह सिम एकाच रकान्यात? मी शेवटी मालकी आणि वितरण असे दोन वेगळे रकाने केले. फार सुंदर व्याख्या नाही, पण मोजता येते.

या सगळ्यानंतर माझं वाक्य बदललं. आता ते असं आहे : ‘न विकलेल्या प्रतींचा धोका प्रकाशकाकडून दुकानदाराकडे सरकल्यामुळे 1973 नंतर अमेरिकेत कमी खपाची कॉमिक्स काढणं परवडू लागलं.’ टाळ्या पडणार नाहीत याला. पण हे चुकीचं ठरू शकतं, म्हणजे तपासता येतं. जिथे धोका परत प्रकाशकाकडे गेला तिथे छोटे प्रकाशक अडचणीत यायला हवेत. आले का?

आले. 1992 मध्ये आर्ट स्पिगलमनच्या ‘माउस’ला विशेष पुलित्झर मिळालं आणि पुढच्या दशकात कॉमिक्स जाड पुस्तकं होऊन पुस्तकांच्या दुकानांत शिरली. सगळे खूश. पण अमेरिकेतली पुस्तकांची दुकानं 1930 च्या मंदीपासून न विकलेला माल परत करतात! म्हणजे प्रतिष्ठेबरोबर जुना धोका मागच्या दारानं आत आला. 2002 मध्ये टॉप शेल्फ या छोट्या प्रकाशकाचा पुस्तक-वितरक दिवाळखोरीत गेला, येणारे पैसे अडकले. त्यांनी वाचकांना एक ईमेल पाठवली की आमच्याकडून थेट पुस्तकं घ्या नाहीतर आम्ही बुडालो. ऑर्डरींचा पाऊस पडला आणि ते वाचले. पुढच्याच वर्षी फँटाग्राफिक्सवर तशीच विनवणी करायची पाळी आली. 2009 नंतर किकस्टार्टरवर लोक जे करू लागले, आधी पैसे मग छपाई, ते याच ईमेलचं नीटनेटकं रूप वाटतं मला.

डायरेक्ट मार्केटमध्येही सगळं आलबेल नव्हतं. 1995 ते 1997 या दोन-तीन वर्षांत वितरकांची आपापसात लढाई होऊन डायमंड हा एकटाच मोठा वितरक उरला. त्याच्या मासिक यादीत जागा नाही म्हणजे दुकानात जागा नाही. जानेवारी 2025 मध्ये डायमंडनंच दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच्या गोदामात अनेक छोट्या प्रकाशकांचा माल विक्रीसाठी ठेवलेला होता, मालकी प्रकाशकाची, जागा डायमंडची. तो माल विकून सावकाराचं देणं फेडायचं, असा प्रस्ताव न्यायालयात आला आणि प्रकाशक हरकती घेऊन उभे राहिले. न विकलेली प्रत नेमकी कोणाची, हा प्रश्न 1973 मध्ये सुटला असं मी दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं. ते वाक्य खोडलं.

आता तुमच्यातल्या काहींच्या डोक्यात आलं असेल, हीच चौकट मराठीला लावू का? थांबा जरा. इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघायची, पण त्यांच्यामागे टाइम्स समूहाचं वृत्तपत्रांचं जाळं होतं. ओरिजित सेन यांचं नर्मदेवरचं ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ 1994 मध्ये पर्यावरणाचं काम करणाऱ्या कल्पवृक्ष संस्थेनं काढलं, मग ते वर्षानुवर्षं मिळतच नव्हतं, 2022 मध्ये ब्लाफ्टनं पुन्हा छापलं. बाबासाहेबांवरचं ‘भीमायन’ 2011 मध्ये नवयान या पुस्तक-प्रकाशकानं आणलं. आपल्याकडे स्यूलिंग झाला नाही, फक्त कॉमिक्सची दुकानं गल्लोगल्ली उभी राहिली नाहीत, तेव्हा 1973 ची गोष्ट इथे उचलून ठेवता येणार नाही. प्रश्न मात्र नेता येईल. कोणाला यावर काम करायचं असेल तर आधी थिअरी वाचत बसू नका. एखाद्या छोट्या प्रकाशकाच्या घरी जा आणि पलंगाखालचे गठ्ठे मोजू देतात का बघा. चहा नक्की मिळेल. आकडा मिळायला मला तिसरी भेट लागली.